पुलीचं पोट

शेजारच्या मुलाच्या नावाचं पार्सल दुपारी आमच्याकडे येऊन पडलं होतं. संध्याकाळी तो आला आणि धीर न धरवून त्यानं ते आमच्याच जेवणाच्या टेबलावर फोडलं. आत लालभडक अ‍ॅल्युमिनियमची पुली. लेथवर इतकी देखणी कातलेली, की बायको म्हणाली, "ही गाडीच्या पोटात कशाला घालतोस? शोकेसमध्ये ठेव." मी ती हातात घेतली. कंपनीच्या पुलीच्या पाव वजनाचीही नसेल.

"काका, कंपनीची पुली म्हणजे इंजिनाच्या गळ्यातलं लोढणं आहे नुसतं."

लोढणं हा शब्द ह्या पोरानं कुठून उचलला, कोण जाणे. ज्या गुराला ते बांधतात त्याला आवरायलाच बांधतात, हे मात्र त्याला ठाऊक नसावं.

त्याची गाडी म्हणजे 2003 च्या आधीची बुटकी होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन. मला ती आवडते, कारण बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं. हल्लीच्या गाड्यांत बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं काळं झाकण दिसतं आणि त्यावर कंपनीचं नाव.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढली, खाली स्टँड लागले, डाव्या बाजूचं पुढचं चाक निघालं, पट्टे सैल करून उतरवले. इथवर कुणीही येतो. पुढे असतो क्रँकचा बोल्ट. पुलीच्या मधोमध बसलेला हा एकटा बोल्ट असा आवळलेला असतो, की पान्याला पाईप जोडून लोंबकळलं तरी पाना हलत नाही, क्रँकच फिरू लागतो. पुली धरून ठेवायला तिच्या तोंडाशी 50 मिलिमीटरची षट्कोनी खाच असते आणि त्या मापाचं हत्यार लागतं. नाना पेठेतून ते पैदा होईपर्यंत जमलेल्या प्रत्येकानं सल्ला दिला. एकानं जुनी युक्ती सुचवली : पाना चॅसीला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा, इंजिनच बोल्ट सैल करतं. इतर गाड्यांवर ती चालते आणि कधीतरी कुणाचं मनगटही मोडते. ह्या जुन्या होंडांची इंजिनं तर उलटी फिरतात. स्टार्टर मारला असता तर बोल्ट आणखी आवळला गेला असता. हे त्या मुलाला माहीत होतं. त्या दिवसापासून मी त्याला जरा मानतो.

बोल्ट सुटला, जुनी पुली निघाली, नवी बसली आणि पट्टा चढवायची वेळ आली. ह्या पट्ट्याला आतून उभ्या रेघा असतात, पुलीला तशाच खाचा. त्यामुळे तो आपला मुकाट्यानं जागेवर राहतो. मला आठवला आमच्या गावच्या गिरणीचा पट्टा. त्याला ना रेघा, ना खाचा.

सांगलीकडच्या आमच्या गावात पिठाची गिरणी अण्णांची. एका खोलीत डिझेल इंजिन, दुसरीत दगड, आणि भिंतीतल्या भोकातून हातभर रुंदीचा सपाट पट्टा ये-जा करायचा. पट्ट्याची दोन टोकं पितळी क्लिपांनी जोडलेली. तो जोड पुलीवरून गेला, की टक् असा आवाज व्हायचा, आणि इंजिनाच्या पुक्-पुक्‌शी तो कधी जुळायचा, कधी चुकायचा. डबा नंबराला लावून मी ते ऐकत बसायचो. मला कोडं पडायचं ते वेगळंच. एवढा मोठा पट्टा, कडेला काठ नाही, अडसर नाही, तरी पुलीवरून घसरून पडत कसा नाही?

एकदा इंजिन बंद असताना अण्णांनी माझा हात धरून पुलीवरून आडवा फिरवला. बीड थंडगार आणि पिठानं मऊ झालेलं. पुली सपाट नव्हतीच. मधोमध तिला किंचित पोट होतं. "पट्टा उताराला जात न्हाई, चढाला जातो," अण्णा म्हणाले. मला ते खोटं वाटलं. सगळं जग उताराला जातं, मग पट्टाच कसा चढाला जाईल? पण खरंच तसं आहे. सपाट पट्टा पुलीच्या सर्वांत जाड भागाकडे सरकतो आणि तिथंच राहतो. पुढे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात त्याचं कारण आकृतीसकट वाचलं, तेव्हा मला अण्णांच्या भुवयांवरचं पीठ दिसत होतं.

अण्णांचा थोरला आयटीआय करून आला. दिवाळीच्या तोंडावर भाजणीची रांग पार चावडीपर्यंत गेलेली. त्यानं हिशेब मांडला आणि इंजिनावर मोठी पुली चढवली. दगड वेगानं फिरू लागले, रांग भराभर सरकली, पोरगा हिरो झाला. तिसऱ्या दिवशी बायका डबे घेऊन परत आल्या. "अण्णा, पीठ लई गरम येतंय की. विरीच गेलीया त्याची." जोंधळ्याच्या पिठाची विरी गेली, की भाकरी थापताना कडेनं चिरा पडतात. माझ्या आजीनं तर डब्यात हात घालून चटकन बाहेर काढला आणि सबंध गिरणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दळलंया का भाजलंया?" अण्णा पोराला बोलले नाहीत. रात्री जुनी पुली चढवली आणि दुसऱ्या दिवशी दगडाला टाकी लावायला बसले. तेवढ्या दिवसांत दगड गुळगुळीत झाला होता.

असो. उतरवलेली जुनी पुली फरशीवर पडली होती. ती एका धातूची नाही. आत तुंबा, बाहेर जड कडं आणि दोहोंच्या मध्ये रबराची बोटभरही नसलेली पट्टी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्या घेतं, तेव्हा सेकंदाला शंभर स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटागणिक पोलादाचा क्रँक ओला पंचा पिळावा तसा किंचित पिळतो आणि उलगडतो. ठरावीक वेगाला ह्या पिळण्याला ताल सापडतो आणि ते वाढत जातं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात सहा सिलिंडरच्या इंजिनांचे लांब क्रँक असेच मोडायचे. 1910 च्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज इंजिनिअरनं त्यावर डँपर काढला : क्रँकच्या टोकाला असं वजन ठेवायचं, की ते थोडं मागं राहील आणि ती थरथर घर्षणात जिरवेल. मोटारी, विमानं, युद्धाचं गणित असं सगळं करून हा माणूस 1946 मध्ये ओढगस्तीत गेला. ह्या पुलीतलं रबर आणि कडं तेच काम करतात. त्या लाल पुलीत रबर नाही.

गाडी चालू केली. पाय दिला की इंजिन खरोखरच हलकं उठतं, हे मान्य करायला हवं. पण नवी पुली आकारानंही लहान, म्हणून अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर हळू फिरतात. विद्यापीठ चौकातल्या सिग्नलला, एप्रिलात, एसी लावून उभं राहिलं की लोढण्याची किंमत कळते. रेसिंगसाठी गाडी बांधणाऱ्यांचं गणित निराळं. ते इंजिन दर मोसमाला खोलतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हा सौदा तोट्याचा, असं माझं मत मी त्या मुलाला सांगितलं आहे. त्यानं ते ऐकून घेतलं आहे, इतकंच.

तुमची गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल तर कंपनीच्या पुलीतलंही रबर आता कडक झालं असेल. पुढच्या सर्व्हिसिंगला, इंजिन बंद असताना, तुंब्यापासून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारायला सांगा. काही महिन्यांनी ती रेघ मध्येच तुटून दोन तुकडे पुढंमागं झालेले दिसले, तर कडं रबरावरून सरकलंय असं समजा आणि पुली बदला. नवी घ्याल ती रबराचीच घ्या.