रिंगखालची जागा

शॉट सुटला की सगळं मैदान रिंगकडे पाहतं. मी खेळाडूंच्या पायांकडे पाहते. इंदूरमध्ये मुलींना बास्केटबॉल शिकवता शिकवता डोळ्यांना लागलेली ही सवय आहे. चेंडू हवेत असतो, तो आत जाणार की नाही हे अजून ठरायचं असतं, आणि तेवढ्यात रिंगखाली वेगळीच झटापट सुरू झालेली असते. ती झटापट जागेसाठी असते.

कोर्टवर आम्ही तिला बॉक्स-आउट म्हणतो. समोरच्या संघाचा शॉट सुटला की नवशिकी मुलगी मान वर करून चेंडूमागे धावते. तिला पहिल्यांदा हेच शिकवावं लागतं, की चेंडू नंतर, आधी तुझी प्रतिस्पर्धी शोध. हात आखडता ठेवून तिचा अंदाज घे, एक पाय तिच्या दोन पायांच्या मध्ये टाक, त्याच पायावर पिव्होट करून वळ, तुझी पाठ तिच्या छातीशी येऊ दे. गुडघे वाकव, कंबर खाली घे, पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेव, दोन्ही हात वर मोकळे. धरायचं नाही, ढकलायचं नाही, तो फाउल होतो. फक्त आपली जागा घ्यायची आणि ती सोडायची नाही. एवढं जमलं की तुझ्याहून वीतभर उंच मुलगीही तुझ्या मागे अडकते, आणि चेंडू खाली येतो तेव्हा तुझ्या पुढ्यात येतो.

"आमची लेक बुटकी आहे हो ताई, तिला जमेल का?" असं विचारणाऱ्या पालकांना मी हा सराव बघायला थांबवते. उंची हवीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती देवानं दिलेली गोष्ट आहे. पायांची जागा माणूस शिकून कमावतो, आणि शिकवण्यासारखं तेच आहे.

या खेळाची मांडणीच तशी आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो तयार केला, तेव्हा त्यांनी मुद्दाम टोपली डोक्याच्या वर आणि तोंड आकाशाकडे करून लावली. गोल उभा असला की चेंडू जोरानं मारण्याचा मोह होतो. टोपली आडवी आणि उंच असली की जोर फुकट जातो, चेंडूला कमान द्यावी लागते. दहा फुटांची ती उंची, म्हणजे आजचे 3.05 मीटर, अजून बदललेली नाही. ताकदीला कौशल्याची गरज पडावी ही त्यामागची इच्छाही अजून तशीच आहे.

जुलै 2017 मध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाच्या ब विभागाचा अंतिम सामना झाला. भारतानं कझाकस्तानला 75–73 असं हरवलं आणि वरच्या अ विभागात प्रवेश मिळवला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. अनिता पॉलदुराई होती, जी अठरा वर्षं देशासाठी खेळली आणि जिला 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रशिक्षक होते सर्बियाचे झोरान विसिच. माझ्या मुलींना त्या निकालातला दोन गुणांचा फरक फार आवडतो, आणि मलाही. दोन गुण म्हणजे एक बास्केट. चाळीस मिनिटांच्या सामन्यात समोरच्यांना मिळू न दिलेला एक जादा रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर परत येणारा चेंडू, हाही तेवढ्याच मोलाचा. गुणफलकावर बास्केट टाकणारीच्या नावापुढे गुण लागतात. ज्या मुलीनं रिंगखाली आपली पाठ रोवून प्रतिस्पर्धीला चेंडूपर्यंत पोहोचू दिलं नाही, तिच्या नावापुढे काहीच लागत नाही. दोन गुणांनी जिंकलेला सामना तिचाही असतो, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते.

त्यानंतर काय झालं तेही सांगते, कारण खेळाडूला अर्धी गोष्ट सांगू नये. 2019 चा आशिया चषक पुन्हा बंगळुरूलाच झाला. समोर जपान, कोरिया असे संघ होते, आणि आपल्या मुली मोठ्या फरकानं हरल्या. 2021 मध्ये अम्मानला आपण शेवटी राहिलो आणि परत ब विभागात गेलो. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. एक पाऊल वर, एक खाली, असा हा प्रवास आहे. वर चढण्याएवढं बळ आपल्यात आहे. वर टिकण्याएवढं अजून जमलेलं नाही.

टिकणं म्हणजे काय ते जपानकडे पाहिल्यावर समजतं. 2013 ते 2021 या काळात जपानच्या महिलांनी सलग पाच आशिया चषक जिंकले. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्या अमेरिकेकडून 90–75 अशा हरल्या आणि रौप्यपदक घेऊन गेल्या. तो संघ स्पर्धेतल्या बुटक्या संघांपैकी होता. त्यांनी कोर्ट पळून मोठं केलं, 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून न थकता शॉट घेतले, आणि रिंगखाली पाचही जणी बॉक्स-आउट करत राहिल्या. उंच सेंटर मिळेपर्यंत थांबायचं, असा विचार त्यांनी केला नाही. मी त्यांचे सामने मुलींना दाखवते तेव्हा स्कोअर झाकून दाखवते आणि फक्त पाय बघायला लावते.

आता माझ्या शहराबद्दल. इंदूर हे क्रिकेटचं गाव. होळकरांच्या संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू आणि मुश्ताक अली इथल्या घराघरांत अजून नातलगांसारखे आठवले जातात. होळकरांबरोबर आलेल्या मराठी घरांत मुलाच्या हातात आधी बॅटच येते. तरीही रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्स उभं आहे, आणि संध्याकाळी तिथे चेंडू जमिनीवर आपटण्याचा आवाज थांबत नाही. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या तेव्हा बास्केटबॉलचे सामने इंदूरला झाले. देशभरातल्या अठरा वर्षांखालच्या मुली आमच्या मुलींनी हाकेच्या अंतरावरून पाहिल्या. टीव्हीवर पाहिलेला खेळ सपाट दिसतो. कडेला बसून पाहिला की बुटांचा करकराट ऐकू येतो, बचाव करणारी मुलगी सतत बोलत असते हे कळतं, अंगाला अंग घासून खेळलं जातं हे कळतं. त्या आठवड्यानंतर सरावाला येणाऱ्या मुलींचं एकमेकींशी बोलणं वाढलं. "स्क्रीन डावीकडे!", "माझी!", "बॉक्स!" असे आवाज कोर्टवर उठू लागले. बोलका बचाव मी एरवी महिनोन् महिने मागते.

शिकवण्यातला दुसरा कळीचा भाग म्हणजे वयाला साजेसं सामान. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्यांचा चेंडू देऊन दहा फुटांच्या रिंगवर शॉट मारायला लावलं, तर ती कमरेपासून सगळं अंग फेकते. चेंडू कसाबसा वर पोहोचतो आणि चुकीची सवय मात्र वर्षानुवर्षं राहते. लहानांसाठी पाच नंबरचा चेंडू आहे, मिनी बास्केटबॉलची रिंग 2.60 मीटरवर लावता येते. तिथे कोपर चेंडूखाली येतं, मनगट शेवटी मोकळं होतं, चेंडूला मागे फिरकी मिळते. बारा वर्षांच्या आसपास सहा नंबरचा चेंडू हातात येतो तेव्हा हालचाल तयार असते, फक्त ताकद वाढवायची राहते. शाळांनी एक खांब खाली-वर होणारा घेतला तरी एक अख्खी पिढी नीट शॉट मारेल, असं मला मनापासून वाटतं.

यानंतर येते ती माझ्या कामातली सगळ्यात अवघड जागा. मुलगी पंधराची होते, दहावीचं वर्ष लागतं, भंवरकुआच्या क्लासेसची वेळ आणि सरावाची वेळ एकच निघते. तेरा-चौदाव्या वर्षी कोर्टवर दाटी असते, सोळाव्या वर्षी मोजक्या मुली उरतात. शॉट, ड्रिबल, पिव्होट सगळं तिला येत असतं. नेमकं डोकं खेळात चालायला लागण्याचं वय येतं आणि ती निघून जाते. देशाचा संघ वरच्या विभागात का टिकत नाही, याची उत्तरं खूप जण शोधतात. मला त्यातलं एक उत्तर दरवर्षी माझ्याच कोर्टच्या दारातून बाहेर जाताना दिसतं.

खेळ घराजवळ असला की ही गळती थांबते. मुंबईच्या नागपाड्यात बास्केटबॉल गल्लीचा खेळ झाला, म्हणून तिथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू निघाला, ज्यांना 1970 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पूर्ण कोर्टला 28 बाय 15 मीटरची जागा लागते, ती प्रत्येक वस्तीत मिळणार नाही. पण अर्ध्या कोर्टवर, एकाच रिंगवर तीन विरुद्ध तीन खेळता येतं, आणि त्यात आपल्या मुलींनी आशियात सुवर्ण जिंकलेलं आहे. 2008 मध्ये बालीच्या आशियाई बीच खेळांत आणि 2013 मध्ये दोह्याला. दहा मिनिटांचा सामना, बारा सेकंदांत शॉट, लपायला कोपरा नाही. सहाही जणींना सतत पायांचा विचार करावा लागतो. इंदूरमध्ये लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत वस्तीतल्या एखाद्या बागेच्या कडेला अशी एकेक रिंग लागली, तर क्लासला जाता-येता अर्धा तास खेळणारी मुलगी खेळातून सुटणार नाही.

म्हणून दहावीतल्या मुलीच्या आई-वडिलांकडे मी रोजचा सराव मागत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मागते, आणि परीक्षा संपल्यावर तिला परत पाठवायचं वचन मागते. अभ्यास आणि खेळ यांतलं एक निवडायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे, हे मी त्यांच्या घरी जाऊन, चहा घेत, समोरासमोर सांगते. बरेच जण ऐकतात. मुलीला खेळात पुढे काय मिळेल असंही विचारतात. मी त्यांना रेल्वेच्या महिला संघाबद्दल सांगते, खेळाच्या जोरावर नोकरी मिळवून वर्षानुवर्षं खेळत राहिलेल्या मुलींबद्दल सांगते. आणि हेही सांगते, की अंगाला अंग भिडवून आपली जागा धरून ठेवायला जी मुलगी शिकते, तिला ते शिक्षण पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

ब विभागातून वर जायला एक चांगला आठवडा पुरतो, 2017 मध्ये ते दिसलं. वर टिकायला गावोगाव तयार झालेल्या खेळाडूंची रांग लागते. त्या रांगेतल्या मुली आज बारा-तेरा वर्षांच्या आहेत, त्यातल्या काही इंदूरच्या आहेत. त्यांना सोळाव्या वर्षीही कोर्टवर ठेवणं हे माझं काम आहे, त्यांच्या शाळांचं आहे आणि त्यांच्या घरच्यांचंही आहे.