कुणाला काय उघडायचं

पतसंस्था, जिनिंग, शाळा-कॉलेजांचे सर्व्हर सांभाळताना बीडकडे पहिली मागणी ठरलेली : "सगळ्यांना सगळं उघडून द्या, कामं अडतात." म्हणजे ७७७.

लिनक्समध्ये वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १. मालक, त्याचा गट आणि बाकीचे, प्रत्येकाची बेरीज वेगळी. हे नव्या पोरांना लगेच कळतं. फाइल ४४४ करून लिहिणं बंद केलं तरी ती पुसता येते, हे मात्र पटत नाही. पुसायचा अधिकार फाइलवर नसतोच, तो फोल्डरवर असतो. (स्टिकी बिट लावला तर गोष्ट निराळी.)

अशा वेळी मी जमिनीच्या फेरफाराचं उदाहरण काढतो. ते इथं घरोघरी माहीत असतं. तलाठी नोंद घेतो, मंजूर मंडळ अधिकारी करतो. १९६६च्या जमीन महसूल संहितेतल्या कलम १५०ची ही वाटणी ई-फेरफारात लॉगिनसकट तशीच उतरली. शिवाय हाती लिहायच्या सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव पुसत नसत, कंसात घेत. आमच्या कितीतरी सॉफ्टवेअरांना एवढंही जमत नाही.

तलाठ्याचा अधिकार नेमून दिलेल्या गावांच्या सज्ज्यापुरता. बदली झाली की सज्जा सुटला. खासगी संस्थेत नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या कॅशियरचं खातं चालूच राहतं, कारण "रिपोर्ट त्याच्याच नावानं निघतात". असं खातं मी बंद करतो, काढून टाकत नाही. काढलं तर त्याच्या फाइलींवर मालक म्हणून नुसता नंबर उरतो, आणि तोच नंबर पुढे नव्या माणसाला मिळाला तर फाइलीही आपसूक त्याच्या होतात.

वाचायच्या अधिकाराबद्दल कुणी भांडत नाही. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, संबंधितांच्या घरी जाते. हरकतीला १५ दिवस. पण दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या असतात. घराला कुलूप, नाहीतर दारात म्हातारं माणूस. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, ऊसतोडीच्या कोपीत बसूनही काढता येतो. पण तो काढावा असं वाटायला आधी शंका यावी लागते.

म्हणून संस्थांना मी सांगतो, खात्यात काही बदललं की खातेदाराच्या मोबाइलवर मेसेज जाऊ द्या. संचालक मंडळ विचारतं, एका मेसेजला किती पैसे पडतात?