हैदराबादहून अनंतगिरीच्या डोंगरावर

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील बेचाळीस मंडळींना घेऊन आम्ही हैदराबादेस, आणि तेथून आगगाडीने विकाराबादजवळील अनंतगिरीच्या डोंगरावर जाऊन आलो. तेव्हापासून जालना जिल्ह्यातील आसपासच्या गावांतून सारखी विचारणा होत आहे की, आम्हांसही जावयाचे आहे, तरी कसे जावे, केव्हा जावे आणि बरोबर काय न्यावे. प्रत्येकास निराळे पत्र धाडण्यापेक्षा या पानावर एकदाच सविस्तर लिहावे हे बरे. या प्रवासात आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती वगळून नुसत्या सूचना लिहिल्या तर त्या सूचना का केल्या हे कोणास उमगणार नाही, म्हणून तीही सांगतो.

प्रथम ठिकाणाविषयी. डोंगरावर जाणारी आगगाडी म्हटली की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर माथेरान किंवा उटी उभी राहते. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, उटीपर्यंत रूळ १९०८ साली पोहोचले. दूर जावा बेटावर डच लोकांनी १८८४ सालीच बांडुंगच्या पठारापर्यंत लोहमार्ग नेला होता. विकाराबादच्या मार्गाला तसला दिमाख नाही. वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. तो दख्खनच्या पठारावरून असा सावकाश चढतो की चढ असल्याचे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. परंतु हैदराबादहून सत्तरेक किलोमीटरवर, दीड-पावणेदोन तासांत, तुटपुंज्या खर्चात म्हाताऱ्याकोताऱ्यांना हिरवा डोंगर दाखवावयाचा असेल तर याहून सोयीचे ठिकाण आम्हांस ठाऊक नाही. शिवाय हैदराबाद आपणांस परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आमच्या गावातील वयस्क मंडळींच्या तोंडी अजून हैदराबादेतील कोर्टकचेऱ्यांच्या गोष्टी आहेत. त्यांनी त्या वडिलांकडून ऐकलेल्या.

येथे एक सावधगिरी. अनंतगिरी दोन आहेत. एक विकाराबादची, दुसरी आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमहून अरकूच्या खोऱ्याकडे जाताना लागते, जेथे कॉफीचे मळे आहेत. आम्ही चौकशी केली तेव्हा एका गृहस्थाने आम्हांस मुक्कामाचे दर सांगितले, कॉफीची स्तुती केली, आणि बऱ्याच वेळाने उलगडा झाला की तो दुसऱ्याच अनंतगिरीविषयी बोलत होता. तेव्हा चौकशी करताना 'विकाराबादची' हा शब्द आधी उच्चारावा.

काळ म्हणाल तर सप्टेंबर. खुरपणी उरकलेली असते, सोयाबीनची काढणी यावयाची असते, आणि डोंगर हिरवागार असतो. वैशाखात जाऊ नये. करपलेले रान पाहण्यासाठी घर सोडण्याचे कारण नाही.

तिकिटांचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. आम्ही गेलो त्या वेळी चार महिने अगोदर आरक्षण करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांची झाली आहे. एका अर्जावर सहाच नावे बसतात. संघ मोठा असेल तर धर्मग्रामाच्या पत्रावर सर्वांची नावे, वये लिहून आरक्षण कार्यालयाच्या प्रमुखास आधीच भेटावे. पाच वर्षांखालील मुलास स्वतंत्र बाक नको असल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास बाक हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. ती मिळेल असे धरून हिशोब मांडू नये, नाहीतर वर्गणी कमी पडते आणि मग पाळकाच्या खिशाकडे सर्वांची दृष्टी वळते.

हैदराबादेत मोठी स्थानके तीन : सिकंदराबाद, काचीगुडा आणि नामपल्ली. तिकिटावर 'हैदराबाद' छापलेले असते ते नामपल्ली. आता चौथे आले आहे, चर्लापल्ली; त्याची नवी इमारत जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली आणि काही गाड्या तेथून सुटतात. ही स्थानके एकमेकांपासून दूर आहेत. स्थानकाचे नाव दोनदा वाचल्याशिवाय रिक्षात बसू नये.

रात्री जालन्याहून निघून आम्ही सकाळी पोहोचलो. सिकंदराबादेत एका धर्मग्रामाच्या सभागृहात उतरण्याची सोय झाली होती. सेंट मेरी हे १८५० मध्ये बांधलेले जुने मंदिर तेथून जवळ. २००८ पासून त्यास बॅसिलिकेचा मान आहे. तेथे मिस्सा झाली, दुपारी विश्रांती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतगिरीस निघालो.

आता ती चूक.

विकाराबादपर्यंतच्या प्रवासासाठी आम्ही साधी, आरक्षणाविना तिकिटे काढली. सर्व तिकिटे आमच्या खिशात, सर्वांचे पैसे आमच्या पिशवीत. हरवू नयेत, गोंधळ होऊ नये, हा हेतू. आणि खरे सांगावयाचे तर सारे आपल्या हाती असले म्हणजे बरे वाटते, हा संघनायकांचा जुनाच दोष. सिकंदराबादेस गाडीत चढताना आम्ही दोनदा मोजणी केली. बेचाळीस भरले. गर्दीमुळे मंडळी दोन डब्यांत विभागली गेली. विकाराबादला गाडी दोनच मिनिटे थांबते हे आम्हांस माहीत होते. परंतु ते आम्ही इतरांस सांगितले नाही. आम्ही सांगू तेव्हा उतरावे, एवढेच सांगितले होते.

गाडी थांबली. आम्ही एका डब्यातून उतरून दुसऱ्याच्या दाराशी धावलो आणि ओरडून हाका मारल्या. चढणाऱ्यांची रेटारेटी सुरू होती. फलाटावर मोजणी पुरी होण्याच्या आत गाडी हलली. त्याच क्षणी एका सुनेने टाहो फोडला, “फादर, आत्या आतच राहिल्या! आन् माझी पोरगी!” डब्याच्या पार पलीकडच्या खिडकीशी बसलेल्या सत्तरी उलटलेल्या आजी आणि त्यांची आठ वर्षांची नात या दोघी उतरल्या नव्हत्या. आजींचा धाकटा मुलगा धावत्या गाडीची दांडी धरावयास झेपावला. आम्ही त्यास मागून सदऱ्याला धरून ओढले. तो आमच्यासकट फलाटावर पडला. त्याने आम्हांस जे शब्द ऐकविले ते येथे लिहीत नाही. आमचा त्यावर राग नाही. वाचकहो, धावत्या गाडीत चढण्याचा यत्न कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. चुकलेल्या माणसाचा पत्ता लागतो. चाकाखाली गेलेल्या माणसाचे काय सांगावे?

आजींपाशी तिकीट नव्हते, फोन नव्हता, पैसे नव्हते. पुढचा थांबा तांडूर, चाळीसएक किलोमीटर पुढे. स्टेशनमास्तरांकडे जाऊन आम्ही वर्णन दिले : हिरवे नऊवारी लुगडे, गळ्यात क्रूस, बरोबर दोन वेण्यांची मुलगी. त्यांनी शांतपणे ऐकून तांडूरला कळविले. मग आम्ही चाळीस माणसे फलाटावर बसून राहिलो. काहींनी सुचविले की निम्म्यांनी डोंगरावर जावे. कोणी उठले मात्र नाही. सून पाण्याचा घोट घेईना. त्या अडीच तासांत आमच्या मनात काय काय येऊन गेले ते पुन्हा आठवू नये असे वाटते.

इकडे आजींनी काय केले ते त्यांनी मागाहून सांगितले. शेजारच्या बाईने साखळी ओढण्यास सुचविले. आजी म्हणाल्या, साखळी ओढून रानात उतरू तर आणखीच हरवू. तांडूरला त्या उतरल्या आणि समोर दिसलेल्या तिकीट तपासनीसापुढे स्वतःच जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना तेलुगू येत नाही. परंतु लहानपणी घरी कानांवर पडलेली दख्खनी हिंदी येते. “साहब, मेरे पास टिकट नहीं है, टिकट हमारे फादर के पास है,” एवढे सांगून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि त्यातील चाळीस रुपये पुढे केले. त्या भल्या गृहस्थाने पैसे घेतले नाहीत. दोघींस बाकावर बसविले, मुलीस बिस्किटे दिली, आणि परतीच्या गाडीत एका कुटुंबाच्या हवाली केले.

गाडी आली तेव्हा आजी नातीचा हात धरून उतरल्या. आम्ही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “फादर, हरवल्याचं मला काही वाटलं नाही. पण त्या माणसापुढं बिनतिकिटाचं उभं राहताना लाज वाटली. आमच्या घरात असं कधी कोणी उभं राहिलं नव्हतं.”

हे वाक्य आम्हांस लागले ते अद्याप गेले नाही. यास्तव पुढील गोष्टी आम्ही आता नियम म्हणून पाळतो. तिकिटे कुटुंबागणिक निराळी काढून ज्याची त्याच्या हाती द्यावीत. प्रत्येकाच्या, विशेषतः म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या, खिशात एक चिठ्ठी असावी : नाव, गाव, संघनायकाचा फोन, उतरण्याचे स्थानक आणि मुक्कामाचा पत्ता, मराठीत, आणि तेथल्या कोणा ओळखीच्याकडून तेलुगूतही लिहून घेतलेली. त्याच चिठ्ठीत शंभराची एक नोट घडी करून ठेवावी. रेल्वेचा मदतीचा क्रमांक १३९ हा मुलांकडून पाठ करून घ्यावा. गाडी कोठे किती थांबते हे सर्वांस आदल्या रात्रीच सांगावे. आणि उतरण्याच्या दहा मिनिटे आधी, सर्वांत सावकाश चालणारा माणूस सर्वांत पुढे दारापाशी आणावा. आम्ही नेमके उलटे केले होते. धडधाकट तरुण दाराशी आणि आजी खिडकीशी.

स्थानकापासून अनंतगिरी पाच-सहा किलोमीटर. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. तेलंगणाच्या सरकारी बसमध्ये डिसेंबर २०२३ पासून स्त्रियांस प्रवास फुकट आहे, परंतु तो त्या राज्यातील रहिवाशांस. आपल्या भगिनींनी तिकीट काढावे, उगाच वाद घालू नये. डोंगरावर अनंतपद्मनाभाचे पुरातन देवस्थान आहे. दुसऱ्याच्या देवळाच्या परिसरात जसे वागावे तसे वागावे. गलका करू नये, शिदोरी तेथे सोडू नये. माकडे धीट आहेत. आमच्या एका मावशींच्या हातातील धपाट्यांची पिशवी एकाने झाडावर नेली आणि तेथे बसून सावकाश खाल्ली. पावसाने वाटा निसरड्या होतात, सबब रबरी चपला नकोत. वीसएक किलोमीटरवर कोटपल्लीचे धरण आहे. तेथेही जाण्याचा बेत होता, परंतु वेळ विकाराबादच्या फलाटावरच संपला होता. जे जातील त्यांनी मुलांस पाण्यात उतरू देऊ नये.

याच डोंगरात मुसी नदी उगम पावते. दुसऱ्या दिवशी हैदराबादेत अफझलगंजच्या पुलावर उभे राहून आम्ही तीच नदी पाहिली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला असा पूर आला की शहरातील हजारो माणसे वाहून गेली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली असे सांगतात. पुढे विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले, आणि १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे तलाव पुरे झाले. आजी त्या झाडाकडे बराच वेळ पाहत होत्या. त्यांनी विचारले, एवढ्या माणसांना वर चढविण्यास हात कोणी दिला असेल? आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते.

शिदोरीविषयी थोडे. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. हैदराबादची बिर्याणी तरुणांनी अवश्य खावी; परंतु परतीच्या रात्री नव्हे. दोघांस त्याचा प्रत्यय आला, आणि डब्यातील संडास एकच रिकामा होता.

येत्या सप्टेंबरात पुन्हा जाण्याचा विचार आहे. नावे घेण्यास आरंभ केला त्या रविवारी मिस्सेनंतर पहिल्या आजीच आल्या. त्यांच्या घरच्या ओट्याला तांडूरची फरशी आहे हे त्यांना तांडूरच्या फलाटावर बसल्या बसल्या उमगले. या खेपेस त्यांना ती खाण पाहावयाची आहे, आणि तूरही, जिला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्गणीचे पैसे त्यांनी पदराच्या गाठीतून काढून टेबलावर ठेवले आणि तिकीट आताच हातात द्या म्हणाल्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडते हे त्यांना समजावून सांगण्यास आम्हांस बराच वेळ लागला.