झिरी बुजवताना

वायरिंग संपलं की घरमालक बटण दाबतात, दिवा लागतो आणि पुढच्याच क्षणी त्यांची नजर भिंतीकडे जाते. दिवा लागणार हे त्यांनी धरलेलंच असतं. भिंत मात्र काल सकाळी होती तशी राहिलेली नसते. मी वायरमन आहे. पूर्वी मीही झिरी मारून, पाइप टाकून, बुजवायचं काम गवंड्याच्या गळ्यात घालून पुढच्या साइटवर जात असे. आता माझ्या झिऱ्या मीच बुजवतो, कारण भेग कुठून येते ते मला कळलं आहे. ती बहुतेक वेळा झिरी मारतानाच पेरलेली असते.

नुसत्या छन्नीने झिरी मारली की आजूबाजूचा गिलावा हादरतो आणि विटेपासून सुटतो. म्हणून आधी कटरने दोन समांतर रेघा मारायच्या आणि मग मधला भाग छन्नीने हलक्या हाताने काढायचा. 20 मिलिमीटरच्या पाइपवर किमान 12 मिलिमीटर माल बसला पाहिजे, तेवढी खोली घ्यायचीच. चार इंची भिंतीत लांबच लांब आडवी झिरी मी घेत नाही, भिंत दुबळी होते. पाइप दर दीड-दोन फुटांवर खिळे आणि तारेने आवळायचा, मग बोटाने हलवून बघायचा. पीव्हीसी गुळगुळीत असतो, माल त्याला धरत नाही. त्यात पाइप हलत असेल तर त्याच्यावर बरोब्बर सरळ रेघेत भेग येणार. जिथे बोर्डापाशी चार-पाच पाइप एकत्र येतात तिथे मी कोंबडी जाळी मारतो.

मग धूळ. तारेच्या ब्रशने झाडायची आणि झिरीला भरपूर पाणी पाजायचं. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला पकडायला पाणीच उरत नाही आणि महिन्याभराने नखाने पावडर निघते. एकाला चार, चाळलेली वाळू, घट्ट माल. पहिला हात पाइपच्या मागे, कडेला, थापीच्या टोकाने दाबून भरायचा, पाच मिलिमीटर खाली ठेवून खिळ्याने ओरखडायचा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, तोही जुन्या गिलाव्याच्या दोनेक मिलिमीटर खालीच. नवे कारागीर माल भिंतीच्या बरोबरीने, कधी थोडा वरही ठेवतात, ‘घासून काढू’ म्हणतात. सिमेंट घासलं जात नाही, शेजारचा गिलावा मात्र घासला जातो. ठिगळ तसंच उभं राहतं. त्यानंतर सात दिवस पाणी मारायचं. घाई असलेल्या घरात या सात दिवसांसाठी मी भांडतो.

हे सगळं मी वाईतल्या एका जुन्या वाड्यात शिकलो. लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग काढून सगळं भिंतीत घ्यायचं होतं. गिलावा चुन्याचा होता. मी भक्कम काम करायचं म्हणून झिऱ्यांत कडक सिमेंट ठासलं आणि छाती फुगवून घरी आलो. पावसाळा संपल्यावर बोलावणं आलं. बोटाने वाजवलं तर सगळीकडे बद्द आवाज, आणि एक हातभर पट्टा अख्खाच्या अख्खा सुटून माझ्या हातात आला. माझं सिमेंट शाबूत होतं. त्याच्या दोन्ही बाजूंचा चुना ओलाव्याने भुसभुशीत झाला होता. तिथले एक वृद्ध गवंडी तुकडा हातात घेऊन म्हणाले, “पोरा, भिंतीपेक्षा ठिगळ कडक करायचं नसतं.” चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद केली, मग ओल शेजारून निघाली. त्यांनी मुरवलेला चुना आणला, एकाला तीन वाळू घातली, आणि पातळ थरांत, थर वाळू देत देत, मला ते सगळं परत भरायला लावलं. चुना हवेतून हळूहळू पकडतो, त्याला घाई चालत नाही. दोन दिवसांचं काम तीन आठवड्यांचं झालं, आणि त्या तीन आठवड्यांचे पैसे मी घेतले नाहीत.

शेवटचा हात पुट्टीचा. झिरी दोन बोटं रुंद असली तरी पुट्टी मी दोन्ही बाजूंना वीतभर ओढतो, कडेला अगदी कागदासारखी करत. वाळल्यावर खोलीत अंधार करून विजेरी भिंतीला चिकटवून तिरकी धरायची. समोरून न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली पाडतो. जिथे सावली, तिथे पॉलिश पेपर. रंगही झिरीपुरता लावू नये, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्यावी, नाहीतर इतकं करून पट्टा दिसतोच.

माल भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढतो, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप लावून. काम इतकं साफ झालं की पाइप कुठून गेलाय ते घरच्यांनाच कळत नाही, आणि उद्या कुणीतरी तसबिरीसाठी खिळा ठोकणार असतो. गेल्या महिन्यात एका काकूंना त्या मापांचा नकाशा कागदावर काढून दिला. त्यांनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि लगेच विचारलं, “म्हणजे घड्याळ खिडकीच्या डावीकडे लावू ना?” मी कागद पुन्हा पाहिला आणि हो म्हणालो.