दारू मापानेच भरा

आपल्या बीड जिल्ह्यात अजूनही काही घरांत ठासणीची एकनळी बंदूक आहे. डुकरांपासून ज्वारी-भुईमूग राखण्यासाठी आजोबा-पणजोबांनी तिचा परवाना काढलेला असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. घरातला कर्ता बदलला की परवाना नव्या नावावर होतो, बंदूक नव्या हातात येते आणि पहिला प्रश्न निघतो, "दारू किती घालायची?"

गावातले जाणते सांगतात, "घाल मूठभर, मार लांब जाईल." हे ऐकू नका. ठासणीच्या नळीतून छर्रे फेकायला जेवढी दारू लागते, तिच्यापलीकडची दारू पुरती जळतच नाही. ती धूर होऊन तोंडातून बाहेर पडते. छर्रे मात्र जास्त फाकतात आणि मधे पोकळी राहते. म्हणजे नेम सुटतो, खांदा दुखतो आणि सगळा ताण जुन्या लोखंडावर येतो.

माप किती काटेकोर असते, हे पाहायचे तर जुन्या फौजी बंदुकीकडे पाहा. आपल्या अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत, आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. त्या काळात इंग्रजी फौजेने १८७१ साली मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल घेतली. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. तोळ्याचे १८० ग्रेन होतात. म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी फेकायला अर्ध्या तोळ्याहूनही कमी, साडेपाच ग्रॅम दारू पुरत होती. हा आकडा आपल्या ठासणीच्या बंदुकीसाठी नाही. तिची नळी निराळी, घडण निराळी. पण एवढी दणकट फौजी रायफलसुद्धा मुठीने नव्हे, ग्रेनांनी भरली जाई, एवढे त्यातून घ्यावे.

आमच्या घरी आजोबांच्या बंदुकीबरोबर शिंगाचे एक छोटे माप आले. दारू त्याच मापाने आणि छर्रेही त्याच मापाने, असा त्यांचा नियम होता. पुढे कळले की छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी हा जुना आणि सर्वमान्य नियम आहे: जेवढ्या आकारमानाची दारू, तेवढ्याच आकारमानाचे छर्रे. मात्र माप त्या एका बंदुकीचेच असते. शेजाऱ्याचे माप आपल्या बंदुकीला चालवू नका. आपले माप हरवले असेल तर परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घ्या आणि तो सांगेल त्या मापाचे नवे करून घ्या.

दारू कोणती, हेही तितकेच महत्त्वाचे. या बंदुका काळ्या दारूसाठी घडवल्या आहेत. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली. तेवढ्याच मापात ती काळ्या दारूच्या कितीतरी पट जोर करते. नव्या काडतुसातली दारू फोडून ठासणीच्या नळीत घालणे म्हणजे नळी फोडणेच. फटाक्यांतली दारूही कधी वापरू नका. काळ्या दारूतही दाणा पाहावा. बारीक दाणा झपाट्याने जळतो, म्हणून त्याच मापातही नळीवर ताण जास्त येतो. दाणा बदलला तर कारागिराला विचारल्याशिवाय बार भरू नये.

भरण्याआधी गज नळीत सोडून पाहा. रिकाम्या नळीत तो कुठवर जातो, तिथे खूण करून ठेवा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा असते. परत आली की पहिले काम हेच. गज खुणेच्या आधी अडला तर आत जुना बार आहे किंवा कचरा आहे. नळी रिकामी ठरली की तोंड जमिनीकडे धरून नुसती टोपी उडवा. समोरचे वाळके पान हलले तर वाट मोकळी आहे. दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिलेली असली तर अख्खा डबा हातात पेटेल. मापात घ्या, मग ओता. आणि दारू व चिंधी यांत पोकळी राहू देऊ नका. तिथेच नळी फुगते आणि फाटते.

आमच्या शिवारापलीकडच्या एका शेतकऱ्याने डूक पडत नाही म्हणून दारू वाढवत नेली. एका रात्री नळी फाटली आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्या सुगीत कापूस वेचायला बायको आणि लहान पोरेच होती. बैल जुंपायला आजही त्याला दुसऱ्याला हाक मारावी लागते.

वापरून झाल्यावर नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल लावा. काळ्या दारूची काजळी ओल ओढते आणि पावसाळ्यात आठवड्यात गंज चढतो. गंजलेल्या नळीला नेहमीचे मापसुद्धा जड होते. घरातल्या बायाबापड्यांनीही ध्यानात ठेवावे की दारूचा डबा चुलीच्या खोलीत नको आणि पोरांच्या हाताशी तर मुळीच नको.

कायद्याचेही विसरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार डूक असो की काळवीट, परवानगीशिवाय मारता येत नाही. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाला वनखात्याकडे आपले नाव नोंदवावे लागते. तेव्हा आधी कागद पाहा, मग नळी पाहा, मग माप हातात घ्या. यांतले एकही जागेवर नसेल, तर त्या रात्री बंदूक खुंटीवरच राहू द्या आणि माळ्यावर बसून डबा वाजवा.