न सलणारी कपची

दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे घटकाभर उभं राहिलं की ॲक्रिलिकचा स्वभाव कळतो. शीटवरचा कागद सरसर सोलला जातो, लेझर फिरतो, अक्षरं सुटी होतात आणि गोडसर उग्र वास नाकात शिरतो. उष्णतेने रेणूंच्या साखळ्या उसवतात आणि मूळचं मिथाईल मेथाक्रिलेट मोकळं होतं, त्याचा हा वास. जोडकामाला इथे डिंक लागत नाही. कारागीर सिरिंजमधून क्लोरोफॉर्मचा थेंब फटीवर सोडतो, फट तो ओढून घेते, दोन्ही कडा किंचित विरघळून एकजीव होतात. हात हलला तर पांढुरका डाग कायमचा!

जन्मकथा तशी सोवळी नाही. ॲसिटोन आणि जहरी हायड्रोजन सायनाइड, मग गंधकाम्ल आणि मिथेनॉल अशा जुन्या वाटेने पाण्यासारखा पातळ द्रव हाती येतो. तो काचेच्या दोन तक्त्यांमध्ये ओतून घट्ट होऊ देतात. त्यात त्याचं आकारमान सुमारे पाचव्या हिश्शाने घटतं आणि उष्णताही सुटते. घाई केली की द्रव आतच उकळतो, बुडबुडे अडकतात. म्हणून जाड तुकड्याला सबुरीच हवी.

जर्मनीत ओट्टो र्‍योमच्या कंपनीने 1933 मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीचं ‘पर्स्पेक्स’ आलं. वजन काचेच्या निम्म्याच्या आसपास, आणि सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार. उरलेला बहुतेक प्रकाश दोन्ही पृष्ठभागांवरून परततो, आत फारसा मुरत नाही. म्हणून मत्स्यालयाच्या जाडजूड भिंतीपलीकडचा मासाही स्वच्छ दिसतो. खोडी एवढीच, की ओरखडे लवकर पडतात आणि स्पिरिटने पुसलं तर बारीक तडे जातात.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची छत्रं याच पर्स्पेक्सची होती. गोळीबारात ती फुटायची आणि कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायच्या. गॉर्डन क्लीव्हर हा त्यांतलाच एक. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की या कपच्या डोळ्यात राहिल्या तरी डोळा चिडत नाही. डोळ्यात कुसळ गेलं तरी जीव नकोसा होतो, आणि इथे प्लॅस्टिक निमूट बसलेलं! मग मोतीबिंदू काढल्यावर रिकाम्या जागी याचंच भिंग का बसवू नये?

29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी ते एका बाईंच्या डोळ्यात बसवलं. हिशेब चुकला, नंबर भलताच निघाला. डोळ्यातून परकी वस्तू काढायची की आत घालायची, म्हणून ज्येष्ठांनी झोडपलं ते वेगळंच. पुढे भिंगं सुधारली. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून ती स्वस्तात बनवायला घेतली. आता घडीच्या मऊ भिंगांची चलती आहे, तरी कडक ॲक्रिलिकची भिंगं अजून वापरात आहेत.

म्हातारपणी रिडलींनाही मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया सेंट थॉमसमध्येच झाली, आणि त्यांच्याही डोळ्यांत कृत्रिम भिंगं बसवली गेली.