आईच्या डोळ्यांनी

रॉकेलवर चालणारा, हवा भरून पेटवायचा प्रायमस स्टोव्ह एके काळी घरोघरी असे. मॉस्को शहरातील एका बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबातही तो होता. ३ सप्टेंबर १९०८ रोजी जन्मलेला लेव पोंत्र्यागिन हा त्या घरातील मुलगा. तो चौदा वर्षांचा असताना एके दिवशी त्या स्टोव्हचा स्फोट झाला. मुलाचे प्राण वाचले. परंतु दोन्ही डोळे कायमचे गेले.

लेवची आई तात्याना आंद्रेयेव्हना शिवणकाम करीत असे. आता या मुलाचे कसे व्हावयाचे, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला. ती रडत बसली नाही. तिने मुलाची पुस्तके हाती घेतली आणि ती मोठ्याने वाचण्यास आरंभ केला.

पुढे मुलाचा ओढा गणिताकडे वळला आणि खरी अडचण तेथेच आली. आईने गणिताचे शिक्षण घेतलेले नव्हते. ग्रंथांच्या पानोपानी विखुरलेल्या चिन्हांची नावेही तिला ठाऊक नव्हती. तेव्हा मायलेकांनी आपली स्वतःची भाषा निर्माण केली. संयोग संचाच्या चिन्हाची टोके वर असतात, म्हणून ते ‘शेपट्या वर’; छेद संचाच्या चिन्हाची टोके खाली, म्हणून ते ‘शेपट्या खाली’! आई ‘अ, शेपट्या उजवीकडे, ब’ असे वाची, आणि ‘अ’ हा ‘ब’चा उपसंच आहे हे मुलगा ओळखी. अर्थ कळत नसता अवघड ग्रंथ पानामागून पान वाचीत जाणे सोपे नव्हे. परदेशी विद्वानांचे लेख वाचता यावेत म्हणून तिने परकी भाषाही शिकून घेतल्या. मुलाच्या हस्तलिखितांत सूत्रे लिहिण्याचे कामही तीच करी.

१९२५ साली लेव मॉस्को विद्यापीठात दाखल झाला. फळ्यावरची आकृती त्याला दिसत नसे. प्राध्यापकांचे बोलणे ऐकून तो ती मनात काढी. एकदा व्याख्यान चालू असता त्याने आकृतीत चूक झाल्याचे प्राध्यापकांना एकाएकी सांगितले. आकृतीतील अक्षरांची मांडणी केवळ ऐकून त्याने ती चूक ओळखली होती.

पावेल अलेक्सांद्रोव्ह या गुरूंच्या मार्गदर्शनाखाली पोंत्र्यागिन संस्थितिविज्ञानाकडे, म्हणजेच टॉपॉलॉजीकडे वळले. नेहमीच्या भूमितीत लांबी आणि कोन मोजतात. या शास्त्रात आकार ताणला, वाकवला, तरी जे बदलत नाही त्याचा शोध घेतात. ओल्या मातीची बांगडी हळूहळू दाबीत गेल्यास तिचा कान असलेला पेला करता येतो. बांगडीचे भोक पेल्याच्या कानात शिल्लक राहते. परंतु मातीच्या लाडवाची बांगडी करावयाची, तर त्याला भोक पाडावेच लागते.

कागदावर वर्तुळ काढले की कागदाचे आतला व बाहेरचा असे दोन भाग पडतात. आकार आणि त्याच्या भोवतालची जागा यांतील अशा नात्याचे व्यापक नियम पोंत्र्यागिन यांनी वयाच्या तिशीच्या आत सिद्ध केले. पुढे १९४० नंतरच्या दशकात त्यांनी अनेक मितींच्या आकारांच्या अंगी असलेल्या काही खुणा शोधल्या. त्यांना ‘पोंत्र्यागिन वर्ग’ म्हणतात. या खुणांचा एक महत्त्वाचा अंश आकार कसाही ताणला-वाकवला तरी कायम राहतो, हे सर्गेई नोव्हिकोव्ह यांनी १९६५ साली सिद्ध केले. त्यांना १९७० साली फील्ड्स पदक मिळाले.

कीर्ती मिळाल्यावरही पोंत्र्यागिन एकाच विषयात स्वस्थ बसले नाहीत. विमानासारखे यंत्र कमीत कमी वेळात इष्ट स्थितीस कसे न्यावे, अशा व्यावहारिक प्रश्नांकडे ते वळले. सहकाऱ्यांसह त्यांनी मांडलेले ‘महत्तम तत्त्व’ अग्निबाणांच्या मार्गाचे गणित करतानाही उपयोगी पडते. या कार्याबद्दल त्यांना १९६२ साली लेनिन पारितोषिक मिळाले. ३ मे १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

गणिताच्या ग्रंथांत आज लेव पोंत्र्यागिन यांच्या नावाची प्रमेये आहेत. तात्याना आंद्रेयेव्हना यांच्या नावाचे एकही प्रमेय नाही. तथापि ज्या चिन्हांचा अर्थ तिला उमगत नव्हता, ती तिने मुलापर्यंत बिनचूक पोहोचविली. आणि त्याने त्यांतून डोळसांनाही न दिसलेले आकार पाहिले.